शाळेच्या छतावरचा आवाज पोरांना ऐकू येतो, तुम्हाला-मला येत नाही : आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

मा. सरपंच ताई, उपसरपंच भाऊ, सचिव साहेब आणि ग्रामपंचायतीचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

विषय : जिल्हा परिषद शाळेच्या छतावरचं माकडं पळवायचं यंत्र शाळेच्या वेळेत बंद ठेवण्याबाबत.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्याच्या आधी सुट्ट्यांमध्ये आपण छतावर ते आवाज काढून माकडं पळवणारं सोलरचं यंत्र बसवलं. कशासाठी बसवलं ते मला चांगलं माहीत आहे. माकडांनी टिनपत्रे उचकटले होते, टाकीचं झाकण पाडलं होतं, पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं फाडलं होतं, अन् एकदा तर पोरीच्या हातातली बिस्किटं ओढून नेली. त्रास खरा होता आणि पंचायतीने तो मनावर घेतला, त्याबद्दल मनापासून धन्यवाद, हे पत्र कोणाच्या विरोधात नाही हे आधीच सांगते.

पण शाळा उघडल्यापासून पोरं घरी येऊन एकच गोष्ट सांगून राहिली आहेत. माझी मुलगी चौथीत आहे, ती म्हणते, "आई, वर्गात सारखा चींssss आवाज येते, थांबतच नाही, डोकं दुखते." शेजारची दोन्ही पोरं तेच म्हणतात. दुसऱ्या मोहल्ल्यातली पोरं, ज्यांचं आमच्याकडे येणं-जाणं नाही, ती पण तेच म्हणतात. खिडकीजवळची पोरं जागा बदलून मागतात. मासिक सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक काका स्वतः यंत्राखाली जाऊन उभे राहून आलेले होते, ते म्हणाले, "मले त काईच ऐकू नाई आलं, पोट्टे नाटकं करून रायले, अभ्यास नको त्याहीले." दुसरे म्हणाले माझा कानाचा रिपोर्ट तालुक्याला काढलेला आहे, एकदम नॉर्मल आहे, मला पण काही ऐकू आलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पुढचा विषय नालीचा निघाला. तिथे सविस्तर बोलायला वेळ नव्हता म्हणून लिहून देते, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा ही विनंती.

काका खोटं बोलले नाहीत आणि पोरंही खोटं बोलत नाहीत. दोघांचं खरं आहे, आणि ते कसं हेच मला सांगायचं आहे.

आवाज किती मोठा हे एक झालं आणि आवाज किती बारीक हे दुसरं. बारीक म्हणजे सेकंदाला जास्त कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात. गडीमाणसाचं बोलणं साधारण १२० हर्ट्झच्या आसपास चालतं, बाईचं २०० च्या, रातकिडा ओरडतो तो ४-५ हजारांवर. लहान, निरोगी कानाला २० पासून थेट २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. ही वरची हद्द आयुष्यभर तिथेच राहत नाही. विशीतच ती खाली यायला लागते, चाळिशीत बऱ्याच लोकांची १५ हजारांच्या आसपास येते, पन्नाशी-साठीत १२ हजार किंवा त्याच्याही खाली. सगळ्यांचं सारखं नसतं, बायकांपेक्षा गड्यांचं साधारणपणे लवकर आणि जास्त कमी होतं, आणि ज्यांचं आयुष्य जिनिंगमध्ये, थ्रेशरवर, नाहीतर सायलेन्सर फुटलेल्या ट्रॅक्टरवर गेलं त्यांचं अजून लवकर. पण उतरण सगळ्यांना आहे, कोणाचीच सुटका नाही. चाळिशी आली की जवळचं वाचायला चष्मा लागतो ना, तसंच हे, फरक एवढाच की अक्षर धूसर झालं तर माणसाला लगेच कळतं आणि वरचा आवाज गेला तर कळतच नाही, कारण जो आवाज येतच नाही तो गेला हे कोण सांगणार.

याचं कारण कानाच्या आत आहे. आत खोलवर शंखासारखा वेटोळ्यांचा एक भाग असतो, साधारण अडीच वेटोळे, सरळ केला तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब. त्याच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात, एका कानात पंधराएक हजार. या नळीच्या तोंडाजवळच्या पेशी बारीक आवाज पकडतात, आतल्या टोकाच्या पेशी जाड आवाज पकडतात. आवाजाची लाट या नळीत कशी पुढे सरकते हे जॉर्ज फॉन बेकेशी नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. आता अडचण अशी आहे की तोंडाजवळच्या बारीक आवाजाच्या पेशी जास्त नाजूक आहेत. वय असो, मोठा आवाज असो, टीबीचं जुनं स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असो, पहिला फटका त्यांनाच बसतो. आणि एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. कोंबडीत येतात, हे वाचून मला फार आश्चर्य वाटलं, आपल्या अंगणातल्या कोंबडीच्या कानातल्या या पेशी मेल्या तर नव्या तयार होतात, माणसाच्या होत नाहीत.

हा काही नवा शोध पण नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन म्हणून होते, त्यांनी १८७६ मध्ये खूप बारीक आवाज काढणारी एक शिट्टी बनवली, लोकांना ऐकवून पाहिली, आणि वय वाढलं की बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं हे नोंदवून ठेवलं. तीच शिट्टी ते काठीत बसवून कुत्र्या-मांजरांवर पण वाजवून पाहत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जे माहीत झालं तेच सांगणाऱ्या पोरांना आज आपण खोटं ठरवतो हे मला सहन होत नाही.

आपल्या वयाच्या लोकांनी जरा आठवून पाहा. खोक्यावाला जुना टीव्ही होता ना, पुढे काच आणि मागे ढुंगण काढलेला, तो चालू असला की आवाज बंद करून ठेवला तरी एक बारीक सूं यायची. लहानपणी आम्ही गल्लीतून जाताना कोणाच्या घरी टीव्ही चालू आहे ते बाहेरून सांगायचो, आणि आजोबा म्हणायचे बंद तर आहे. त्या टीव्हीचा तो आवाज १५,६२५ हर्ट्झचा असायचा, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धतच तशी होती. आम्हाला यायचा आणि आजोबांना यायचा नाही. आज तेच होऊन राहिलं आहे, फक्त आता आजोबांच्या जागी मी आहे. माझं वय ३७, मी पण यंत्राखाली उभी राहिली, मला पण काही ऐकू आलं नाही.

मग मी मोबाईलमध्ये एक फुकटचं ॲप टाकलं, आवाजातले हर्ट्झ रेघांनी दाखवतं ते. शाळा सुटल्यावर यंत्राखाली धरलं तर १६ ते १७ हजारांच्या मध्ये एक उंच रेघ सरळ उभी राहिली. मोबाईलचा माईक काही प्रयोगशाळेचा नसतो, त्याचा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो, पण यंत्राची वायर काढली की रेघ खाली आणि लावली की परत वर. हे मास्तरांनी पण स्वतः पाहिलं. मग पोरांना भिंतीच्या मागे पाठ करून उभं केलं, यंत्र कोणाला दिसणार नाही असं, आणि मास्तर मनाला येईल तसं चालू-बंद करत होते. आवाज आला की हात वर करा एवढंच सांगितलं होतं. चालू झालं की हात वर, बंद झालं की खाली. न पाहता. नाटक करणारं पोरगं हे कसं करेल मला सांगा.

एका-दोघांनी हात वर केला नाही आणि त्यांच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. सगळ्या पोरांना ऐकू आलं नाही म्हणजे बाकीचे खोटे, असा अर्थ कृपा करून काढू नका. त्यातल्या एकाचा कान पावसाळा लागला की वाहतो हे अख्ख्या वर्गाला माहीत आहे. त्याला ही चीं ऐकू येत नाही, मग मास्तरांचं बोलणं तरी पूर्ण येतं का हे तपासायला पाहिजे.

ज्या काकांचा रिपोर्ट नॉर्मल आहे त्यांनाही एक सांगायचं आहे. कानाची नेहमीची तपासणी २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच होते, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. १६-१७ हजारांवर त्या मशीनवर कोणी काही विचारतच नाही. म्हणजे रिपोर्ट बरोबरच आहे काका, पण तो या आवाजाबद्दल काहीच सांगत नाही.

हे यंत्र नेमकं काय करतं ते पण समजून घेऊ. खोक्यावर अल्ट्रासॉनिक लिहिलं आहे, म्हणजे माणसाला ऐकू न येणारं. पण बाजूला एक बटन आहे त्याने हर्ट्झ कमी-जास्त होतात, आणि खालचा आकडा खोक्यावरच १३,५०० लिहिलेला आहे. १३,५०० काय आणि १७,००० काय, पोरांना सरळसरळ ऐकू येणारे आवाज आहेत. ज्याने हे "माणसाला ऐकू येत नाही" म्हणून विकलं त्याने माणूस म्हणजे फक्त मोठा माणूस धरला.

आणि मला सगळ्यात जास्त हे लागलं की असाच आवाज जगात एका ठिकाणी मुद्दाम पोरांना पळवायला वापरला गेला. ब्रिटनमध्ये वेल्स भागात हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसाने २००५ मध्ये एक यंत्र काढलं, त्याचं नावच मॉस्किटो, दुकानासमोर घोळका करणाऱ्या तरुण पोरांना हाकलायला. त्याचा आवाज साधारण १७,४०० हर्ट्झ. तरुण पोरं कान धरून निघून जायची आणि मोठ्या गिऱ्हाइकांना पत्ता पण नाही. नंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी तोच आवाज मोबाईलची रिंगटोन म्हणून लावला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी मास्तरला कळू नये. पुढे २०१० मध्ये युरोप परिषदेच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या संघटनेच्या, संसदीय सभेने सार्वजनिक जागांवर अशा यंत्रांना बंदी घाला असं सांगितलं, कारण हा पोरांवर अन्याय आहे आणि तान्ह्या बाळांना तर सांगता पण येत नाही. आता विचार करा, तिकडे जो आवाज पोरांनी तिथून निघून जावं म्हणून लावला, जवळपास तोच आपण शाळेवर लावला आणि पोरांना म्हणतो बसा, पाढे म्हणा. त्यांना उठून जाता पण येत नाही.

शाळेला लागून अंगणवाडी आहे. तिथली तीन वर्षांची लेकरं काय सांगणार, ती फक्त रडतात, आणि सेविका ताईंना वाटतं नवीन आहेत म्हणून रडतात. असेलही, मी डॉक्टर नाही आणि या यंत्राने कान कायमचा जातो असं माझं म्हणणं नाही. पण अशा बारीक आवाजाने डोकं दुखणं, मळमळणं, चित्त न लागणं या तक्रारी जगभरातून आलेल्या आहेत, साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या टिमोथी लेटन यांनी २०१६ मध्ये यावर लिहिलं आणि सार्वजनिक जागेतल्या अशा आवाजांसाठीचे नियम फार अपुरे आहेत हे दाखवलं. आपल्याकडे ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते, डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप. लग्नाच्या डीजेला आपण शाळेजवळ थांबवतो आणि ते बरोबरच करतो. मग जो आवाज फक्त पोरांना ऐकू येतो तो आवाजच नाही असं कसं चालेल?

माकडांचं म्हणाल तर पहिले काही दिवस ती बावरली होती हे खरं. आता यंत्राच्या बाजूला बसून एकमेकांच्या उवा काढतात, सगळं गाव पाहते. कुठल्याही आवाजाची जनावराला सवय होते, त्याच्यासोबत काही मार नाही, भीती नाही हे कळलं की ते दुर्लक्ष करतं. जागलीवर जाणारा कोणताही शेतकरी हे सांगेल, रानडुकराला ४० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं म्हणून त्याच्यासाठी पण असली यंत्रं विकतात, पण हरभऱ्यात एकदा चव लागली की ते थांबत नाही, शेवटी माणसालाच मचाणावर बसावं लागतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये उंदीर-कीटक पळवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली होती की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागेल. टाकीला कुलूपवालं झाकण, तांदूळ लोखंडी कोठीत, खिडक्यांना जाळी, एवढं केलं तरी माकडांचं शाळेत येण्याचं अर्धं कारण संपतं, आणि त्याला त्या यंत्रापेक्षा जास्त खर्च येणार नाही.

अजून एक गोष्ट, आणि ही पोरांची नाही, बुढ्या माणसांची आहे, पण मूळ तेच आहे म्हणून याच पत्रात लिहिते. वरून सुरू झालेली ही उतरण १०-१२ हजारांवर थांबत नाही. साठी-सत्तरीत ती बोलण्याच्या पट्ट्यात येते, ३-४ हजार, मग २ हजार. आपल्या बोलण्यातले अ, आ, ओ हे जाड आणि जोरदार असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, फ, थ, च, ख हे बारीक आणि हळू असतात, ते आधी जातात. मग सात, खात, तात, हात सगळं सारखंच. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं आवाज येते बाप्पा पण समजत नाही. आणि घरचे म्हणतात बुढी मुद्दाम करते, फायद्याचं बरोबर ऐकू येते तिला. नाही हो. मुलाचा जाड आवाज तिला येतो आणि सुनेचा-नातवाचा बारीक आवाज येत नाही, एवढंच आहे ते, आणि त्याच्यावरून किती घरात भांडणं लागली असतील. भजनी मंडळातले एक आजोबा मला म्हणाले की खंजेरीची थाप ऐकू येते पण तिच्या चकत्यांची छनछन कुठे गेली माहीत नाही. तुकडोजी महाराजांच्या या मुलखात ज्यांनी उभं आयुष्य खंजेरी वाजवली त्यांच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला काही बोलता आलं नाही.

अशा लोकांशी ओरडून उपयोग होत नाही, ओरडल्याने जाड आवाजच जास्त मोठा होतो आणि त्यांना कानात लागतं. समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा हळू बोलावं लागतं. आपल्या ग्रामसभेत तो भोंगा घुमतो, त्यात मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांना एकही योजना समजत नसेल, आणि नंतर आपण म्हणतो सांगितलं होतं, सही पण आहे. ६५ च्या वरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदा ३,००० रुपये मिळतात, ज्यांच्या घरचं उत्पन्न २ लाखांच्या आत आहे त्यांना, त्यात श्रवणयंत्र पण बसतं. माझ्या फॉर्म भरून देण्याच्या दुकानात चष्म्यासाठी, काठीसाठी लोक येतात, कानासाठी फारच थोडे येतात, कारण आपल्याला कमी येते हे त्यांना कोणी तपासून सांगितलेलंच नाही.

म्हणून माझं मागणं असं. शाळेचं यंत्र सकाळी १० ते ५ बंद ठेवावं, आजपासून, त्याला ठराव लागत नाही, वायर काढली की झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते, तिला या वेळी कान वाहणारी पोरं वेगळी दाखवावी, मी शाळा व्यवस्थापन समितीकडून नावं काढून देते. वयस्क लोकांच्या कानाच्या तपासणीचं शिबिर प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन मागावं, ते पत्र मी टाइप करून देईन, पैसे नको. आणि पुढे अशी कुठलीही आवाजाची वस्तू शाळेजवळ लावायची असेल तर आधी चार पोरांना उभं करून विचारावं.

यंत्र कायमचं काढायचं की नाही ते १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरवा. पण ठरवायच्या आधी झेंडावंदन झालं की तिथेच, सगळ्या गावासमोर, पोरांची पाठ यंत्राकडे करून ते चालू-बंद करून पाहा. चालू-बंद ज्या काकांना शंका आहे त्यांनीच करावं. मास्तरांशी माझं बोलणं झालं आहे, ते तयार आहेत, शिडी शाळेतच आहे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आणि चौथीतल्या एका मुलीची आई